आईच्या परातीतला राजा

आई गेली त्याला आज एकवीस दिस झालं. सत्त्याण्णव वरसाची हुती. सगळी म्हनत्यात, सोनं झालं म्हातारीचं, पतवंडं मांडीवर घिऊन गेली. व्हय, गेली. पर मला अजून पाचला जाग येती. त्या टायमाला तिचा फोन यायचा. "मने, उठलीस का?" म्हनायची. मी म्हनायची, न्हाई अजून. मग म्हनायची, "मग फोन कुनी उचलला?" आन् आपलंच हसायची. आता पाच वाजत्यात आन् फोन गप पडल्याला असतोय.

भाचा सयाजी म्हनला, आत्ती, आजीच्या नावानं बारकं पुस्तक काढायचंय, भावकीत वाटायला, तू चार पानं लिव. मी म्हनलं, बाबा, मी चौथीपत्तुर शिकल्याली. त्यो म्हनला, जशी बोलतीस तशी लिव. म्हनून फोनवर एका बोटानं लिवतीया. चुकलं तर चुकलं.

आता आईनं मोठं काय केलं म्हनाल तर काय न्हाई. पाच लेकरं केली, दोन म्हशी सांबाळल्या, जलमभर भाकऱ्या थापल्या. पर एक केलं. तिनं तिची परात सोडली न्हाई. राजाला सोडली न्हाई, गोऱ्या सायबाला न्हाई, पाटलाला न्हाई आन् भूमिगतांना बी न्हाई. तेवडंच लिवती.

आईचं नाव शालूबाई. म्हायेर लोनंदकडं. तिची आई चंद्राबाई पटकीनं गेली, तवा आई पाच वरसाची. आईची वस्तू म्हनून काय तर ती एक पितळंची परात. दीड हात रुंद, काठावर 'सौ. चंद्राबाई' असं नाव घातल्यालं. दुसरं काय न्हाई. लुगडं न्हाई, फोटू न्हाई.

सन बेचाळीसला लगीन झालं. सोळा वरसाची नवरी लोनंदला गाडीत बसली ती भिलवडीला उतारली, तोवर परात मांडीवर. पितळंला वारं लागू ने म्हनून वर पदर. तिकीटवाला म्हनला, एवडी परात सामानात टाका. आई म्हनली, सामान न्हाई, ही माजी आई हाय. त्यो म्हनला, मग हिचं पुरं तिकीट पडंल. तवा आई पयल्यांदा तिच्या नवऱ्याबर बोलली. म्हनली, "आवं, माज्या आईचं तिकीट काढा." आन् आबांनी खिशात हात घातला बी. गाडीतली सगळी हसली म्हनं. आबा तसंच हुतं.

आबा म्हंजी माजं वडील, नाथाजी. गाव आमचं येरळंच्या काठाला, तासगावापास्नं दोन कोस. आबा पल्टनीत हुतं. पर लढाई काय त्येनी बघितली न्हाई, लढाईची ताटं बघितली. पल्टनीच्या भांडारात ताटा-मगांवर टोच्यानं नंबर घालायचं काम. एक दिवस ताटांची पेटी पायावर पडली, दोन बोटं गेली, घरी लावून दिलं. गावात लोकं इचारायची, नाथाजी, गोळी लागली का रं? आबा खरं सांगायचं, "न्हाई, ताटं लागली."

गावात आल्यावर आबा भांड्यांवर नावं घालाय लागलं. हातोडी, टोचा, ठक ठक ठक, ठिपक्याला ठिपका लावून अक्षर. पल्टनीची सवय म्हनून सुरवातीला नावाखाली नंबर बी घालायचं. आमच्या गावात अजून 'सौ. अनुसया ४१७' असलं तांबं सापडत्यात. कोन मेलं तर त्येच्या नावानं देवळाला न्हाईतर तालमीला भांडं द्यायची रीत. त्येच्यावर 'कै. अमुक यांच्या स्मरनार्थ' आन् खाली देनाऱ्याचं नाव. असली आबांनी शेकड्यानं घातली. आन् एक सांगायचं, ठिपका एकदा पडला की पडला. त्यात वाढवता येतंय, कमी करता येत न्हाई. ह्ये ध्येनात ठिवा, फुडं सगळं ह्येच्यावरच हाय.

आता पाटील. हंबीरराव पाटील. मानूस वाईट न्हवता, पर सायबाचं लय याड. चावडीत राजाचा मोठा कागदी फोटू लावल्याला. बेचाळीसला पोरांनी मोर्चा काढला आन् त्यो फोटू चावडीफुडंच जाळला. पाटील आठ दिस जेवला न्हाई म्हनं. खरं खोटं पाटलीनबाईला म्हाईत. मग सन त्रेचाळीसला निरोप आला की साताऱ्यास्नं गोरा सायेब येनार, लढाईसाठी मानसं भरती करायला. पाटलाच्या डोक्यात आलं, सायबाला राजा दावायचा. पर कागदाचा न्हाई. कागद जळतोय. पितळंचा करायचा. बघू कोन जाळतंय.

पितळ आनायचं कुठनं? लढाईपायी तासगावला पत्रा न्हाई, सांगलीला न्हाई. सगळं पितळ काडतुसात गेल्यालं. पाटील आबांच्याकडं सल्ल्याला आला, सोप्यात बसला, आन् त्येला चुलीम्होरं आईची परात दिसली. उजेडात चकचक करत उभी हुती. आई रोज चिंच आन् राख लावून घासायची.

पाटील आबांना म्हनला, परात दे. पाटलाला न्हाई म्हनायचं म्हंजी गावात ऱ्हायचं कसं? आन् पल्टनीतल्या मानसाला हुकूम म्हनला की उभं ऱ्हायची सवय. आबा उभं ऱ्हायलं. आई आतनं म्हनली, "राजाला आई न्हाई व्हय? तिची परात घ्या म्हनावं."

नव्या नवरीनं पाटलाला असं बोलायचं म्हंजी लय झालं. आजीनं, आबांच्या आईनं, तोंडात पदर घातला. पर पाटील काय चिडला न्हाई. म्हनला, सूनबाई, सायेब आला की दावायचा, गेला की परात घरी. आई म्हनली, बेलभंडारा उचला. पाटील म्हनला, माज्या शब्दावर इस्वास न्हाई? आई म्हनली, शब्दावर हाय, सायबावर न्हाई. मग पाटलानं देव्हाऱ्याम्होरं बसून बेल आन् भंडारा हातात घेतला आन् जोतिबाची आन घिऊन बोलला की सायबाची पाठ वळली की परात शालूबाईच्या चुलीम्होरं, न्हाईतर माजं वाटोळं हुईल. आईनं त्ये दोनदा बोलून घेतलं. पयल्या बारीला पाटील 'वाटोळं' जरा हळू बोलला हुता.

मग राजा काढायचा. कसा दिसतोय कुनाला म्हाईत? आजीच्या कनवटीला जुना चांदीचा रुपया हुता, तिच्या लग्नातला. त्येच्यावर राजाचं डोस्कं, मुकुट, दाढी, सगळं. आबांनी परात पालथी घातली आन् बुडावर रुपया बघून कोळशानं मोठं तोंड काढलं. चार दिस ठक ठक चाललं हुतं. आई त्या चार दिसात काठवटीत भाकऱ्या थापायची आन् दर ठोक्याला "आई गं" म्हनायची. आबा म्हनायचं, तुला का दुखतंय? ती म्हनायची, मला न्हाई दुखत, तिला दुखतंय.

तोंड झालं. पाटील बघाय आला. रुपयावर राजा एका अंगानं बसल्याला असतोय, म्हनून डोळा एकच. पाटील म्हनला, दुसरा कुठाय? आबा म्हनलं, पलीकडच्या अंगाला. पाटलानं परात उलटून पलीकडं बघितलं. मग म्हनला, सायबाला काना राजा दावू व्हय? बसीव दुसरा. आबांनी पयल्याच्या शेजारीच दुसरा डोळा बसीवला. आता राजा एका डोळ्यानं पाटलाकडं आन् दुसऱ्यानं येरळंकडं बघाय लागला.

मग आलं विष्णुपंत मास्तर. शाळंचं मास्तर, वाईचं. चष्मा पुसून म्हनलं, काम सुबक आहे नाथाजी, पण हे गेले. आबा म्हनलं, कुठं गेलं? मास्तर म्हनलं, वारले, सात वर्षं झाली. आता गादीवर यांचे चिरंजीव आहेत. आन् त्येंना दाढी न्हाई.

पाटलानं आबांना सांगितलं, मग दाढी काढ. आबा म्हनलं, ठिपका निघत न्हाई. पाटील म्हनला, सगळा राजा केलास, दाढी करता येत न्हाई? आबा म्हनलं, पाटील, मी न्हावी न्हाई.

सायेब दोन दिसावर. दुसरं पितळ न्हाई. तवा आबांना त्येंची रीत सुचली. म्हनलं, मेल्याल्या मानसाचं भांडं असतंयच की. कै. घालू. राजाला बी बरं वाटंल, कुनी बापाची आठवन काढली म्हनून. मास्तर लय हसलं, पर म्हनलं, युक्ती वाईट नाही. मग आबांनी तोंडाच्या खाली एका वळीत घातलं, 'कै. बादशहा यांच्या स्मरनार्थ हंबीरराव पाटील'. नंबर घालनार हुतं, आईनं हात धरला.

आजीनं काय केलं, परातीला हळदकुंकू लावून फूल व्हायलं. तिच्या लेखी पितळंवर तोंड म्हंजी देवच. पाटलानं तसाच हळदकुंकवाचा राजा चावडीत टांगला.

सायेब आला. चावडीत सगळं गाव. आई बी गेली, बायकांच्या घोळक्यात म्होरं उभी ऱ्हायली, परातीवर नजर ठिवून. सायबानं राजाकडं लय वेळ बघितलं. पयल्यांदा ह्या डोळ्याकडनं बघितलं, मग त्या डोळ्याकडनं. मग मास्तरला इचारलं, काय लिवलंय? मास्तरनं इंग्रजीत सांगितलं. सायबानं टोपी काढली. मग त्येची नजर काठाला गेली. बोट लावून म्हनला, आन् ह्ये? तिथं 'सौ. चंद्राबाई'.

मास्तरनं पाटलाकडं बघितलं. आन् मग पाटील म्हनला, "राणीसायेब."

मास्तरनं त्येच सायबाला सांगितलं. दुसरं काय सांगनार? सायबानं मान डुलीवली. पर आईचं तोंड बघायला पायजे हुतं, असं शेजारच्या बायका मरंस्तवर सांगायच्या. तिनं घरी येऊन भांडी आपटली. म्हनली, माज्या आईचं दुसरं लगीन लावलं मेल्यानं, आन् ते बी दाढीवाल्याशी. फुडं लोनंदला तिच्या वडलांच्या कानावर गेलं तर त्ये म्हनलं, बरं झालं, माज्याकडं तिला कवा सुख मिळालं?

पर खरी पंचाईत फुडंच हुती. सायबाला परात लय आवडली. म्हनला, ही मी साताऱ्याला नेतो, बंगल्यात लावतो. आज घोड्यावर जायचंय, आठ दिसांनी शिपाई लावून देतो, त्येच्याकडं द्या. आन् गेला.

आईनं ह्ये ऐकलं आन् पाटलाच्या दारात जाऊन उभी ऱ्हायली. म्हनली, सायबाची पाठ वळली. पाटील म्हनला, वळली, पर पुरती वळली न्हाई. आई म्हनली, जोतिबाला असं सांगू का? पाटील आत गेला. हिकडं सायेब, तिकडं जोतिबा, आन् मदी ही सोळा-सतरा वरसाची पोर रोज सकाळी दारात उभी. नुसती काठवट घिऊन उभी ऱ्हायची.

चौथ्या दिसाला दिवेलागनीला भूमिगत पोरं गावात आली. त्या सालात आमच्याकडं त्येंचंच राज्य हुतं. सरकार दिसा साताऱ्याचं आन् सांज झाली की ह्येंचं. फितूर मानसाच्या तळपायाला काठी लावायचे, म्हनून पाटील-कुलकर्नी त्येंचं नाव घेतलं की पाय पोटात घ्यायचे. म्होरक्या जोतीराम नावाचा, उंच, दाढी वाढल्याली, लय गोड बोलनारा. गोड बोलायचा म्हनून जास्त भ्या वाटायचं. त्येनं पाटलाला चावडीत बसीवलं आन् राजा खाली काढला. बघितलं आन् इचारलं, ह्यो कोन? पाटील म्हनला, राजा. जोतीराम म्हनला, असा दिसतोय? मग तर बरंच हाय, आपुन जिंकनार.

पर हसून झाल्यावर म्हनला, ह्यो येरळंच्या डोहात टाकायचा. दोन गडी परात घिऊन निघालं बी.

आई दारातनं पळत आली. पदर कमरंला. डोहाच्या वाटंवर आडवी झाली. जोतीराम म्हनला, वैनी, बाजूला व्हा, ह्यो राजा हाय.

आई म्हनली, "राजा खालच्या अंगाला हाय. वरच्या अंगाला माजी आई हाय. मागल्या म्हैन्यात जोंधळ्यात लपला हुतासा, दोन दुरड्या भाकरी खाल्लासा. त्या कशात थापल्या हुत्या?"

जोतीरामानं परात उलटी केली. आतनं बघितली. कडंला वाळल्यालं पीठ हुतं अजून. त्यो हात मागं घिऊन उभा ऱ्हायला. मग म्हनला, न्याय करूया. त्येंची रीतच हुती, गावात बसून न्याय करायचा. चावडीत सगळ्यांचं ऐकून घेतलं. पाटलाला इचारलं, बेलभंडारा उचलला हुता का? पाटील म्हनला, व्हय. मग झालं, जोतीराम म्हनला. परात वैनीची. राजा पाटलाचा. परातीतनं राजा काढून टाका, परात वैनीला द्या, आन् पाटलानं ती सोताच्या डोस्क्यावरनं भर दिसा तिच्या घरी पोचवायची. काठी लावत न्हाई, कारन जोतिबाच्या नावानं मानूस खरं बोलला.

सगळं झ्याक. पर राजा निघंना. आबांनी हात जोडलं, म्हनलं, गड्या, कमी करता येत न्हाई. वाढवता येतंय. जोतीराम म्हनला, मग वाढीव. राजा ऱ्हायला न्हाई पायजे, एवडं बघ. सकाळी मानूस बघाय येईल.

आबा तिथंच कंदिलाम्होरं बसलं. मुकुट हुता, त्येच्यावर पटक्याचं येढं घातलं. व्हटावर झुबकेदार मिशा काढल्या. दाढीच्या मदी मदी अजून ठिपकं मारलं, दाढी वाटू ने म्हनून. आन् 'बादशहा यांच्या स्मरनार्थ' एवड्यावर येलबुट्टी ठोकली, पानं, फुलं, दाट. अक्षर दिसंना. कामात मानूस बुडला की तो काय काढतोय त्येला दिसत न्हाई, तसं आबांचं झालं.

सकाळी जोतीरामाचा मानूस आला, परात बघितली आन् हसत हसत खाली बसला. गाव जमलं. कुनी सांगायची गरजच न्हवती. पाटील डोळ्यानं तिरळा हुता. गालावर देवीचं वन हुतं, ठिपक्यावानीच. पटका त्योच, मिशा त्याच. आन् खाली सुबक अक्षरात, 'कै.', मग येलबुट्टी, आन् मग 'हंबीरराव पाटील'.

पाटलानं बघितलं. मग आबांना हळूच म्हनला, "नाथाजी, मी कवा मेलो रं?"

आबा म्हनलं, पाटील, सवयीनं झालं.

पर हुकूम म्हंजी हुकूम. पाटलानं सोताचंच मेल्यालं तोंड सोताच्या डोस्क्यावर घेतलं आन् भर दिसा आमच्या घरला पोच केलं. आईनं परात घेतली, आधी वरचं अंग बघितलं, नाव हाय का त्ये. मग पाटलाला गुळाचा च्या दिला.

अजून शिपाई यायचा हुता. आठव्या दिसाला आला, साताऱ्याचा, नवा, गावात कुनाला न वळखनारा. पाटलानं ठरवल्यालं की सांगायचं, भूमिगतांनी राजा नेला. त्ये सांगायला म्हनून शिपायाला घिऊन आमच्याच सोप्यात आला, साक्षीला आबा पायजेत म्हनून. पर आईनं परात घासून उन्हाला पालथी घातल्याली. शिपायानं बघितलं, वाचलं, आन् टोपी काढली. म्हनला, अरारा. पाटील कवा वारलं?

पाटील त्येच्या शेजारीच उभा. परात वाचवायची म्हंजी हिला राजा म्हनून चालायचं न्हाई. आन् आपलं मेल्यालं तोंड सायबाच्या बंगल्यात लागलं तर वाटोळंच की, जोतिबाची आन खरीच झाली. पाटलानं आईकडं बघितलं. आई चुलीम्होरनं त्येच्याकडं बघत हुती, हातात पीठ. मग पाटील म्हनला, "परवा गेले. मी त्येंचा धाकटा भाऊ, आप्पासो."

शिपायानं त्येला धीर दिला. खांद्यावर हात ठिवला. म्हनला, लय चांगला मानूस हुता म्हनत्यात. पाटील म्हनला, व्हय, लय चांगला. आन् खरंच रडला. आई सांगायची, त्यो रडला ते खोटं न्हवतं. सोताविषयी चांगलं ऐकायची त्येची पयलीच येळ.

शिपायानं साताऱ्याला जाऊन सांगितलं, राजा भूमिगतांनी नेला, पाटील त्या धक्क्यानं गेला. म्हैन्यानं पाटलीनबाईच्या नावानं दुखवट्याचा कागद आला, शिक्का मारून. मास्तरांनी वाचून दावला. पाटलीनबाई म्हनली, कुंकू ठिवू का पुसू ते एकदा सांगा. पाटील म्हनला, येडी का काय, सायेब बदली हुईस्तवर लोकात मी आप्पासो. पाटलीनबाई म्हनली, मग सोप्यात झोपायचं. दीर हायसा. पाटील साडेतीन म्हैने सोप्यात झोपला.

आन् मजा अशी की ह्येचाच त्येला फायदा झाला. सत्तेचाळीसला झेंडा लागला, तवा गावोगाव इचारायला लागली, इंग्रजाच्या पाटलांचं काय करायचं? आमचा पाटील पांढरी टोपी घालून सगळ्यात म्होरं उभा. कुनीतरी टोकलं, तर म्हनला, इंग्रजाचा पाटील त्रेचाळीसलाच मेला, कागद हाय माज्याकडं. दुखवट्याचा कागद खिशातच ठिवायचा. आईनं त्या दिशी जिलेबी त्या परातीतनंच वाटली. जोतीराम बी आला हुता. त्येनं परात उलटून बघितली आन् पाटलाला मिठी मारली. म्हनला, आता आपुन एकाच परातीचं खाल्ल्यालं.

आबांनी ठिपकं खालनं मारल्यालं, म्हनून परातीत आतल्या अंगाला टेंगळं आल्याली. भाकरी थापली की भाकरीला मिशा उठायच्या, मिशा आन् दोन डोळं. तव्यावर फुगली की पाटील फुगायचा. आमी पोरं भांडायचो, डोळा मला, मिशी तुला. पाटील आमच्या घरी कवाच भाकरी खाल्ला न्हाई. च्या प्यायचा, लाडू खायचा. भाकरी म्हनली की म्हनायचा, नगं, सोताला कोन खातंय?

आता एक ऱ्हायलं, ते मी आजवर कुनाला सांगितलं न्हाई. म्हंजी घरात म्हाईत हुतं, पर बोलायचं न्हाई असं आईचं सांगनं.

सन एकोनपन्नासला आईला इषमज्वर झाला. मी सा म्हैन्याची. एकवीस दिस ताप, तासगावच्या डाक्टरनं हात टेकलं. आजी देव पान्यात घालून बसली. आबांना औषधातलं काय कळत न्हाई, देवातलं बी न्हाई. त्येंना त्येंचं एक म्हाईत. त्येनी बघितलं हुतं, पाटलाचं वय पन्नासाच्या वर, कै. घालून सा वरसं झाली, आन् मानूस घोड्यावानी हाय. साधं पडसं झालं न्हाई. आबांच्या मनानं घेतलं की यमाकडं बी नोंद असंल, ह्येचं झालंय म्हनून फुडं जात असंल. म्हनून आबांनी परात घेतली, काठावर चंद्राबाईच्या नावाच्या शेजारी जागा हुती तिथं ठोकलं, 'कै. शालूबाई'.

जित्या बायकूचं. बाज दोन हातावर, ती ऐकतीया. ठक ठक. तिनं डोळं उघाडलं, इचारलं, काय चाललंय? आबा म्हनलं, तुला लपवतोय. ती तापात हसली म्हनं, आन् म्हनली, नंबर घालू नगासा.

पाटील मेला चौऱ्याण्णव वरसाचा हुऊन. आबा गेलं सन शहात्तरला, सोताचं नाव कशावर घालून घेतलं न्हाई, येळ न्हाई म्हनायचं. आन् आई सत्त्याण्णव. आता तुमी म्हना काय म्हनायचं ते. डाक्टर म्हनला त्येची औषधं लागू पडली. पडली असतील.

तेराव्याच्या आधी सयाजी परात घिऊन तासगावला गेला, भांड्याच्या दुकानात. रीत हाय, तिच्या नावानं देवळाला भांडं द्यायचं, म्हनला आजीचीच परात दिऊ, तिचं नाव घालून. आता हातोडी न्हाई, मिशनीनं घालत्यात, दाताच्या डाक्टरवानी आवाज येतोय. मी संगं गेली. दुकानदारानं परात फिरीवली, चष्मा लावला आन् म्हनला, ह्येच्यावर हायच की. कै. शालूबाई. जुनं काम हाय. आता फकस्त तारीख टाकू का?

मला तिथं रडू आलं. इतकी वरसं ते खोटं हुतं, म्हनून चांगलं हुतं. रोज घासायची ती त्येला, चिंच लावून, आन् रोज ते खोटंच निघायचं. आता कुनी काय न करता खरं झालं.

तारीख घालू दिली न्हाई. देवळाला बी दिली न्हाई, त्येंना सयाजीनं नवी घागर दिली. सयाजी म्हनत हुता साताऱ्याला कुठं जुन्या वस्तू ठिवत्यात तिथं दिऊ, काचंत ठिवतील, राजा हाय त्यात. मी म्हनलं, ज्या साताऱ्याला जाऊ ने म्हनून ती काठवट घिऊन पाटलाच्या दारात उभी ऱ्हायली, तिथं मी हातानं नेऊन देऊ?

परात माज्याकडं हाय. मांडीवर घिऊनच एश्टीनं आनली. कंडाक्टर काय बोलला न्हाई.

आज सकाळी पाचला उठून जोंधळ्याचं पीठ मळलं. भाकरी थापली. एका डोळ्याचं टेंगाळ आता झिजलंय, पर मिशी अजून झ्याक उठती. सयाजीला फोन लावला, उठलास का म्हनलं. त्यो झोपंतच म्हनला, न्हाई अजून.